हृदय खरंच फाटतं का? ते डोळ्यांनी पाहणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

मंडळी, दुःखात आपण 'काळीज फाटलं' असं सहज म्हणून जातो. पण हृदय खरोखर फाटू शकतं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आहे विल्यम हार्वे यांची.

हार्वे यांचा जन्म १५७८ साली इंग्लंडमधल्या फोकस्टनचा. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातून ते १६०२ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे राजवैद्यही. तेव्हा समजूत अशी होती की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरात खर्ची पडतं. हार्वेंनी साधा हिशोब केला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं! म्हणजे तेच रक्त फिरून परत येतं. १६२८ मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं आणि जुन्या मताचे डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. १६४२ च्या यादवी युद्धात त्यांचं घर लुटलं गेलं, वर्षानुवर्षांची टिपणं गेली.

१६४९ मध्ये एका विरोधकाला उत्तर देताना त्यांनी सर रॉबर्ट डार्सी या सरदाराची हकिगत लिहिली. डार्सींच्या छातीत दुखायचं, विशेषतः रात्री. मृत्यूनंतर पाहिलं तर हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला बोट जाईल एवढं भोक पडलेलं!

असं का होतं? हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरतो. मेलेला भाग मऊ पडतो, पण हृदयाचं पंपिंग थांबत नाही. मग बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच भिंत दाबाखाली फाटू शकते. रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं, हृदय आवळलं जातं आणि काही मिनिटांत सगळं संपू शकतं.

हार्वे १६५७ मध्ये वारले. तेव्हा यावर इलाज नव्हता. आज तुंबलेली रक्तवाहिनी वेळेत उघडली, तर हृदय फाटण्याची वेळ क्वचितच येते. पण 'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा! अणदूरसारख्या गावातून मोठ्या दवाखान्यासाठी सोलापूर गाठायचं, तर रस्त्यातच बराच वेळ जातो. त्यात 'गॅस झाला असेल, सकाळी बघू' म्हणत रात्र काढली, तर स्नायू मरतच राहतो.

म्हणून छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ जाणवली, तर थेट १०८ ला फोन करा. आणि अटॅकनंतर बरं वाटलं, तरी डॉक्टर सांगतील तोवर दवाखाना सोडू नका.