नाइटिंगेलबाई व खेड्यांतील आरोग्य

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटली देशांत झाला. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत १८५४ सालीं त्यांनीं आरंभिलेली शुश्रूषा वाचकांस ठाऊक आहेच. उतारवयांतील कार्य मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १८९२ सालीं त्यांच्या खटपटीनें इंग्लंडांतील बकिंगहॅमशायरांत आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया खेडोपाडीं जाऊं लागल्या. नुसत्या व्याख्यानानें कोणाची मोरी स्वच्छ झाली आहे? म्हणून त्या स्त्रियांनीं घरोघर जाऊन मैत्रिणीप्रमाणें बोलावें व काम करून दाखवावें, असा बाईंचा आग्रह असे. हिंदुस्थान त्यांनीं कधींच पाहिला नव्हता. तरी पटकीनें ग्रासलेल्या येथील खेड्यांतही जादूच्या कंदिलानें घाणेरड्या पाण्यांतील जंतु लोकांस दाखवावे, असें त्यांचें म्हणणें होतें. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं लंडनांत त्यांचें देहावसान झालें.