मोहीम बुडाली, माणसे तरली

मृगातली पेरणी उलटली की वऱ्हाडातला शेतकरी कपाळाला हात लावून बसत नाही. उसनवारी करून बियाणे आणतो आणि दुबार पेरणीला लागतो. अकोला-अमरावतीपासून समुद्र दूर खरा. पण अर्नेस्ट शॅकल्टन या दर्यावर्दीची कहाणी आपल्याला परकी वाटू नये, ती यामुळेच.

१८७४ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला शॅकल्टन सोळाव्या वर्षी जहाजावर गेला. १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना तो माघारी फिरला. अन्न संपत आले होते. पुढे जाणे म्हणजे सोबत्यांचा जीव घेणे होते.

१९१४ मध्ये अंटार्क्टिका खंड आडवा पार करण्यासाठी तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून निघाला. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले, नोव्हेंबरमध्ये बुडाले. शॅकल्टनने ठरलेले उद्दिष्ट सोडून दिले आणि दुसरे धरले: अठ्ठावीसही माणसे जिवंत घरी न्यायची.

महिनोन्‌महिने तरंगत्या बर्फावर काढून एप्रिल १९१६ मध्ये तीन होड्यांतून ते एलिफंट बेटावर पोहोचले. त्या ओसाड बेटाकडे कुणाचेही जहाज फिरकत नव्हते. तेव्हा पाच जणांना घेऊन शॅकल्टन सात मीटरच्या होडीतून तेराशे किलोमीटरहून दूर असलेल्या साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाला. सोबत त्याने मॅकनिश हा सुतारही घेतला. तो कसबी होता, पण बर्फावर त्याने बंडाची भाषा केली होती. असा माणूस मागे ठेवला तर छावणीचे मन नासेल, हे शॅकल्टनने ओळखले होते.

मागे राहिलेल्या बावीस जणांचा म्होरक्या होता फ्रँक वाइल्ड. उपड्या होड्यांचे छप्पर, सील आणि पेंग्विनचे मांस, एवढाच संसार. तिथेच एका तरुणाची हिमदंशाने सडलेली पायाची बोटे कापावी लागली. वाइल्ड मात्र रोज सकाळी सगळ्यांना गाशा गुंडाळून तयार राहायला लावी. साहेब कदाचित आजच येतील! तीन प्रयत्न बर्फाने परतवले. अखेर ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीची ‘येल्चो’ बोट घेऊन शॅकल्टन आला. बावीसही जण जिवंत होते.

तो निर्दोष नव्हता. मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीतले तिघे दगावले; होडी सागरलायक करणाऱ्या मॅकनिशला ध्रुवपदकही मिळाले नाही. ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जियातच शॅकल्टनने देह ठेवला. २०११ मध्ये वाइल्डच्या अस्थी त्याच्याशेजारी विसावल्या. २०२२ मध्ये तीन हजार मीटर खोलवर ‘एन्ड्युरन्स’ सापडले.

खंड पार झालाच नाही. पण पहिली पेरणी गेल्यावर घरातली माणसे कोण सांभाळतो, यावरच कर्त्या माणसाची ओळख ठरते.