जॉर्ज हॅरिसन सतारीपर्यंत कसा पोहोचला? हे अल्बम क्रमाने ऐका

लिव्हरपूलमध्ये १९४३ साली जन्मलेला जॉर्ज हॅरिसन हा ‘बीटल्स’चा गिटारवादक. ‘रबर सोल’मध्ये (१९६५) त्याने रीतसर न शिकताच सतार वाजवली. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये (१९६६) साथीला अनिल भागवत यांचा तबला आला आणि कव्हरवर त्यांचे नावही छापले गेले. त्याच वर्षी हॅरिसनने मुंबईत येऊन पं. रविशंकर यांच्याकडे तालीम घेतली.

जानेवारी १९६८मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’साठी तो पुन्हा मुंबईत आला. एचएमव्ही स्टुडिओतल्या त्या ध्वनिमुद्रणात पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आहे. मात्र सतारीत पारंगत होणे आपल्याला जमणार नाही, हे ओळखून त्याच वर्षी तो गिटारकडे परतला.

१९७१मध्ये रविशंकर यांच्या विनंतीवरून त्याने बांगलादेशी निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये मैफल भरवली. २००१मध्ये त्याचे निधन झाले. सतार सुटली, गुरू मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत.