सरखेल कान्होजी आंग्रे

कमलनगरच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी समुद्र पाहिलेले फार थोडे असतील. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी मांजरा हेच त्यांच्या डोळ्यांसमोरचे मोठ्यात मोठे पाणी. आमची मायबोली कोंकणी. त्यामुळे भरती-ओहोटी, शीड आणि सुकाणू हे शब्द आमच्या कानांवर बाळपणापासून पडलेले. म्हणूनच की काय, मराठ्यांच्या इतिहासातील घोडदळाची वर्णने वाचताना त्याच इतिहासातील आरमाराकडे आपले किती दुर्लक्ष झाले आहे, ही गोष्ट आम्हांस नेहमी खटकते. ते आरमार ज्यांनी सुमारे तीस वर्षे अजिंक्य राखले, त्या कान्होजी आंग्रे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात, सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्यावर जो बिकट प्रसंग ओढवला, त्याच्या आसपासची एक हकीकत परंपरेने सांगितली जाते. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूस फितूर झाल्याचे कळताच तरुण कान्होजींनी त्याला दूर सारून किल्ल्याचा बंदोबस्त स्वतःच्या हाती घेतला व जंजिऱ्याच्या सिद्दीचा वेढा परतवून लावला. १६९८ मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारल्यावर त्यांची जागा कान्होजींकडे आली आणि ते सरखेल झाले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या जलदुर्गांच्या आश्रयाने त्यांनी आपले सामर्थ्य वाढविले.

त्यांची जहाजे इंग्रजांच्या जहाजांपेक्षा लहान असत, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते, असा तो ताफा. वारा पडला की परक्यांचे प्रचंड जहाज जागच्या जागी खिळून राही. तेव्हा गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा कमी, तेथून मारा करीत. संकट आले तर उथळ खाडीत शिरावे. मोठ्या जहाजाचा तळ तेथे टेकत असल्याने त्याला पाठलाग करता येत नसे. किनाऱ्याची खडा न् खडा माहिती असणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांच्या अंगच्या कौशल्यावर हे सारे तंत्र उभे होते.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी सरखेलांचे दस्तक घ्यावे, असा कान्होजींचा दंडक होता. इंग्रज कंपनीस तो मान्य नव्हता व तिने त्यांना चाचा ठरविले. आम्हांस हा न्याय विचित्र वाटतो. पोर्तुगीजांनी दोन शतके आपल्या देशातील जहाजांना परवाने घ्यावयास लाविले, त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही! छत्रपतींचा अधिकारी आपल्या धन्याच्या किनाऱ्यावर जकात मागतो, ती चाचेगिरी कशी? १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख ठार झाला आणि त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन १७१३ च्या फेब्रुवारीत तिची सुटका करण्यात आली.

याच सुमारास घरातील कलह विकोपास गेला होता. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आल्यावर गादीसाठी ताराबाईंशी त्यांचा झगडा जुंपला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. तेव्हा शाहूंनी पेशवेपद श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांस दिले. बाळाजींनी तलवार न उपसता बोलणी केली आणि १७१४ मध्ये लोणावळ्यानजीक तह झाला. पिंगळे सुटले, सरखेली व किनाऱ्यावरील किल्ले कान्होजींकडेच राहिले आणि आरमार शाहूंच्या निशाणाखाली आले. आमच्या मते कान्होजींच्या कोणत्याही समुद्रविजयाहून हा तह अधिक मोलाचा होता.

कारण पुढे संकटांची रांगच लागली. मुंबईचा नवा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर चढाई केली. अखेरच्या स्वारीसाठी त्याने एक तरंगता तोफखानाही बांधविला होता. पण तिन्ही वेळा हात हालवीत परतणेच इंग्रजांच्या नशिबी आले. मग १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एक झाले. मादागास्करच्या चाच्यांचा बीमोड करण्यासाठी इंग्लंडहून निघालेली चार युद्धनौकांची तुकडी कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली या मोहिमेत सामील झाली. जमिनीवरून सुमारे सहा हजार फौज कुलाब्यावर चालून गेली. अलिबागसमोरील हा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला असतो आणि ओहोटीला तेथे पायी जाता येते. शत्रूने हल्ला केला, तो फसला. इतक्यात पेशवे बाजीराव फौजेसह मदतीस आले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या आरंभी परस्पर तह केला आणि एकट्या पडलेल्या इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले, तेही तसेच गेले.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळास १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात काय झाले तेही सांगितले पाहिजे. वडील पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत दौलत विभागली गेली. संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी व पेशवे यांचे वितुष्ट इतके वाढले की नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जळून खाक झाले आणि तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. लोणावळ्यास कान्होजींशी तह करणारे बाळाजी विश्वनाथ हे या नानासाहेबांचे आजोबा होत.