रियासतकार सरदेसाई आणि आपली वंशावळ

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून पूर्वजांच्या ज्या हकीकती सांगितल्या जातात, त्यांत बहुधा एक तरवार, एक घोडा आणि श्रीमंत गायकवाड सरकारांनी बक्षीस दिलेले एक गाव असते. कागद मात्र क्वचितच असतो. गेली काही वर्षे मी स्वतःच्या घराण्याचा शोध घेत आहे. त्या वाटेवर मला पदोपदी ज्यांचा आधार घ्यावा लागला, ते कै. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. त्यांच्या आयुष्याची मोलाची वर्षे याच शहरात गेली, याची आठवण नव्या पिढीला करून द्यावीशी वाटते.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. बी. ए. होऊन १८८९ साली ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून रुजू झाले व पुढे राजपुत्रांना शिकवू लागले. महाराज स्वतः नाशिककडील कवळाण्याच्या गायकवाड शाखेतून १८७५ साली दत्तक आलेले. वंशावळीतील एका फांदीवर राज्याचा वारस ठरतो, हे ज्या नगरीने प्रत्यक्ष पाहिले, तिथेच या इतिहासकाराची घडण व्हावी हा योग खरा! शिकवणीसाठी काढलेल्या टिपणांतूनच १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली आणि १९०२ साली ‘मराठी रियासती’चा पहिला भाग आला. दिवसा दरबारची चाकरी आणि उरल्या वेळी इतिहासलेखन, असा क्रम १९२५ साली निवृत्त होईपर्यंत चालला.

त्याच १९२५ साली त्यांचा मुलगा श्यामकांत तरुणपणीच वारला. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकलेला आणि उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला हा मुलगा. बापाने पुढे त्याची पत्रे जमवून छापली. इतरांच्या घराण्यांचे कागद जपणाऱ्या माणसावर पोटच्या मुलाचे कागद जपण्याची पाळी आली. दुःख कागदाच्या स्वाधीन करून ते पुन्हा कामाला लागले.

पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रज सरकारने जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनामे कोणाची खरी व कोणाची खोटी हे ठरविण्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले होते, आणि त्या चौकशीला हे पुरावे हवे होते. संशोधकांना ते दप्तर दीर्घकाळ बंद होते. अखेर १९२९ साली सर जदुनाथ सरकार यांच्या शिफारशीने ते काम सरदेसायांकडे आले. वय चौसष्टीचे. हजारो रुमाल सोडून, मोडी कागद वाचून, निवडून, १९३० ते १९३४ या काळात त्यांनी ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड छापून काढले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नव्या कागदांपुढे आपली जुनी पाने त्यांनी पवित्र मानली नाहीत. वयाच्या ऐंशीनंतर, १९४६ ते १९४८ या वर्षांत, त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. १९५७ साली त्यांचा ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हा ग्रंथ आला. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे त्यांचे देहावसान झाले.

त्या वंशावळीत आमचे घराणे नाही. तुमचेही कदाचित नसेल. परंतु शोध कसा करावा, हे त्या कामातून शिकता येते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. म्हणून कागदावर नाव जुळले एवढ्याने माणूस जुळत नाही, सालही जुळावे लागते. शकात ७८ किंवा ७९, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले म्हणजे इसवी सन येतो. कोठे दत्तक आला, कोठे शाखा फुटली, हे पाहावे. स्त्रियांची नावे वंशावळीत बहुधा गाळलेली असतात; ती दानपत्रांत आणि वारसाच्या तंट्यांत सापडतात. सरदेसायांचे खंड आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या चाळता येतात. मात्र छापले गेले ते निवडक. न छापलेले रुमाल अजून अभिलेखागारात जाऊनच पाहावे लागतात.

आमच्या घरी मूळ पुरुष शिलेदार म्हणून सांगितला जाई. कागदांत तो कारकून निघाला, आणि तोही कर्जात बुडालेला. घरातील वडील मंडळींना हे रुचले नाही. मला मात्र तो आता प्रथमच खरा माणूस वाटतो. ज्याने स्वतःच्या ग्रंथांतील मजकूर पुराव्यापुढे बदलला, त्याच्या गावात राहून आपण एका तरवारीसाठी इतका हट्ट का धरावा?

मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. माळ्यावरची बाडे वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत, घरातील वृद्धांना नावे विचारून सालासह लिहून ठेवावीत. सणाला जमलेल्या कुटुंबाने एक दुपार एवढ्यासाठी काढली तरी पुष्कळ झाले.