मंदीतही डिझेलच्या नोझलवर पैसा लावणारे रॉबर्ट बॉश

जुनी डिझेल जीप चढाला काळा धूर ओकायला लागली, ॲव्हरेज पडलं, की मिस्त्रीचा संशय जातो नोझलवर. इंजिन चालू ठेवून तो एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतो. इंजिनचा आवाज बदलला, तर ते सिलिंडर काम करतंय. काहीच फरक पडला नाही, तर गडबड तिथंच. (आताच्या कॉमन रेल गाड्यांवर हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.)

हे नोझल आणि त्याला डिझेल पुरवणारा पंप मोटारीत बसेल असा आणि हजारोंनी बनवायचं श्रेय जातं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याला.

२३ सप्टेंबर १८६१ ला जर्मनीतल्या उल्म शहराजवळ अल्बेक गावात त्यांचा जन्म झाला. १२ भावंडांत ते ११ वे. वडील शेती करायचे आणि खानावळ चालवायचे. पोरगा उल्मला एका कारागिराकडे काम शिकायला गेला, पण तिथं त्याला धड कुणी शिकवलंच नाही. पुढं १८८४ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली, एडिसनच्या कारखान्यात काम केलं. तिथून इंग्लंड. आणि १८८६ मध्ये स्टुटगार्टला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

नाव झालं ते मॅग्नेटोमुळं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारं हे यंत्र. १९०२ मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी स्पार्क प्लगसह त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि धंदा जगभर पसरला. १९०६ मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांची पाळी दिली. बाकीचे कारखानदार त्यांना 'लाल बॉश' म्हणायला लागले.

खरी परीक्षा विसाव्या दशकात आली. १९२१ मध्ये त्यांचा मुलगा दीर्घ आजारानं गेला. तिकडं स्वस्त बॅटरी इग्निशन मॅग्नेटोचं मार्केट खायला लागलं होतं. त्यात १९२६ ला जर्मनीच्या मोटारधंद्याला मंदीनं गाठलं, माणसं कमी करावी लागली. अशा वेळी कुणीही नवं काम आधी बंद केलं असतं. पण १९२२ च्या अखेरीस हाती घेतलेलं डिझेल पंपाचं काम बॉश यांनी चालूच ठेवलं.

काम सोपं नव्हतं. रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ इंजिनात दाबलेल्या हवेनं तेल आत फुंकलं जायचं. त्यासाठी लागणारा भलामोठा कॉम्प्रेसर ट्रकवर कसा न्यायचा? हवेशिवाय फवारा मारायचा तर दाब वातावरणाच्या शंभरपटीच्या घरात हवा, आणि पंपाचा दट्ट्या व त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकीच.

३० नोव्हेंबर १९२७ ला पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. १९३४ पर्यंत एक लाखावा पंप बाहेर पडला. १९३६ मध्ये मर्सिडीझची २६० डी ही डिझेल मोटार आली, तिच्यातही बॉशचाच पंप होता.

शेवटची वर्षं मात्र सरळ नव्हती. हिटलरच्या राजवटीत कंपनी युद्धसामग्री बनवत होती, वेठबिगार कामगारही राबत होते. त्याच वेळी बॉश आणि त्यांचे जवळचे सहकारी ज्यूंना मदत करत होते, हिटलरविरोधी गटाला आधार देत होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १२ मार्च १९४२ ला ते गेले.

१९५१ मध्ये बेंगळुरूत मायको कंपनी उभी राहिली, पुढं नाशिकच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनायला लागले. आजही जुन्या गाडीचं नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. फवारा धुक्यासारखा आला आणि धार कचकन तुटली, तर ठीक. टोकाला थेंब लोंबला, तर आधी साफसफाई, नाहीतर बदली. बदलताना नोझलची सुई आणि तिची बॉडी जोडीनंच घ्यायची, कारण ती दोन्ही एकमेकांत घासून बसवलेली असतात. दुसऱ्याची सुई त्यात चालत नाही.