कळ कानशिलात, गाठ खांद्यात

थळ-वरसोलीच्या कोळणी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर म्हावऱ्याची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारापर्यंत चालत येत. लहानपणी मला त्या ताठ मानेचं फार कौतुक वाटे. संध्याकाळी त्याच बायका ओट्यावर बसून नातीकडून मानेला खोबरेल चोळून घेत. ते मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ कळायला स्वतःची मान धरावी लागली.

माझी धरली ती उत्तरपत्रिका तपासता तपासता. सहा वर्षं डावं कानशील ठणकत होतं. एक्स-रे निघाले, मणक्यांची झीज दाखवून झाली, गळ्यात पट्टा आला. या सगळ्यात एकाही डॉक्टरने मानेला हात लावला नाही. कोणाचं नाव घेत नाही, सगळेच घाईत असतात. शेवटी फिजिओथेरपी शिकलेल्या एका मुलीने खांद्याच्या वरच्या कडेवर अंगठा रोवला आणि कळ सरळ कानशिलात गेली. मी ओरडलोच. ती हसून म्हणाली की काका, हा नकाशा माझा नाही, एका बाईंचा आहे.

त्या बाई म्हणजे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल. जन्म 1901, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर. 1926 साली कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या बाहेर पडल्या आणि हृदयरोग व औषधशास्त्राकडे वळल्या. स्नायूंशी त्यांचा तसा संबंध नव्हता. पण क्षयाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांची खांदेदुखी ऐकता ऐकता त्यांचाच खांदा दुखू लागला. पाठीच्या फऱ्याजवळचे स्नायू दाबून पाहताना त्यांना काही जागा अशा सापडल्या की बोट तिथे टेकलं की हातातली कळ जागी व्हावी. पुस्तकात नव्हतं ते त्यांना स्वतःच्या अंगावर सापडलं. 1942 साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी याविषयी पहिला महत्त्वाचा लेख लिहिला.

मग त्यांनी माणसं तपासली ती बोटांनी. ताणलेल्या स्नायूत दोरीसारखा पट्टा लागतो, त्यात एक दुखरी गाठ असते. तिथे दाब द्यायचा, कधी सुई घालायची, कधी गार फवारा मारून स्नायू हळूहळू ताणायचा. गळ्याच्या मागून खांद्यावर उतरणाऱ्या स्नायूची कळ मानेच्या कडेने कानशिलापर्यंत चढते, हे त्यांनीच चित्रात मांडलं. याशिवाय बाई रुग्णाची खुर्चीही तपासत, टेबलाची उंचीही. बैठक चुकीची असेल तर गाठ पुन्हा येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

1955 साली कुबड्यांवर चालणारे एक तरुण सिनेटर त्यांच्याकडे आले : जॉन केनेडी. पाठीच्या शस्त्रक्रियेनेही बरं वाटलेलं नव्हतं. बाईंनी सुया दिल्या, एका बुटाची टाच उंच करवली, झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं. पुढे ती खुर्ची जगभर गाजली. 1961 मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेलबाई त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. त्या पदावर येणारी ही पहिली स्त्री.

पण तिथेच गाडी अडली. त्याच वर्षी मे महिन्यात ओटावाला झाड लावताना केनेडींची पाठ पुन्हा गेली. बाईंच्या सुया वाढत चालल्या. इतर डॉक्टरांना ते पसंत नव्हतं. सुयांऐवजी व्यायाम हवा, असा आग्रह धरणारे डॉ. हान्स क्राउस आले आणि केनेडींच्या पाठीचा कारभार बाईंच्या हातून गेला. मला वाटतं, इथे क्राउस बरोबर होते. पद मात्र राहिलं. 1965 पर्यंत त्या व्हाइट हाउसमध्ये होत्या.

दुसरा कोणी असता तर आठवणी सांगत बसला असता. बाईंनी आठवणीही 1968 साली लिहिल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. जोडीला होते डॉ. डेव्हिड सायमन्स. हे गृहस्थ 1957 साली फुग्यातून 30 किलोमीटरहून उंच जाऊन आलेले! दोघांनी मिळून शरीराच्या वरच्या भागातल्या स्नायूंचा ग्रंथ 1983 साली काढला. बाई तेव्हा 81 वर्षांच्या होत्या. खालच्या भागाचा खंड 1992 साली आला. 1997 साली, 95 व्या वर्षी, त्या गेल्या.

आज त्यांचं सगळंच मान्य आहे असं नाही. एकाच मानेवर दोन तपासनीस गाठ एकाच जागी दाखवतील याची खात्री नसते, आणि गाठीत नेमकं काय बिघडतं यावर वाद आहेत. नुसत्या दाबाने मिळणारा आराम बहुधा थोड्या दिवसांचा. मानेचे, खांद्याचे व्यायाम जोडीला हवेतच. आपल्याकडे परळच्या केईएममध्ये 1950 च्या दशकापासून फिजिओथेरपी शिकवली जाते, तरीही मान दुखली की आपण आधी एक्स-रेच्या रांगेत उभे राहतो.

माझं टेबल आता चार इंच उंच झालंय. भिंत आणि खांदा यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून मी रोज गाठ शोधतो. गेल्या आठवड्यात त्या मुलीकडे माझ्या आधी एक कोळीण मावशी बसल्या होत्या. पाटी वाहणं सोडून बरीच वर्षं झाली म्हणाल्या. कुठे दुखतं म्हणून विचारलं तर त्यांनीही कानशिलावरच हात ठेवला.